खाजेची बखर

इतिहासाच्या पुस्तकांवर माझा एक जुना राग आहे. त्यांत लढाया असतात, तह असतात, राज्याभिषेक असतात, कोण कुणाला दत्तक गेला हेही असतं. पण ज्या गोष्टीनं रावापासून रंकापर्यंत सगळ्यांना सारखंच बेजार केलं, त्या खाजेला मात्र तळटीपेतसुद्धा जागा नसते. पानिपतावर आपलं सैन्य अडीच महिने तळ देऊन बसलं होतं. पाण्याची पंचाईत, धान्याची पंचाईत, वर थंडी मी म्हणत होती. तिथं काय कुणाला खाज सुटली नसेल? पण मोती किती गळाले आणि मोहरा किती हरवल्या, एवढाच हिशेब आपल्याला पाठ. रात्र रात्र पाठ खाजवत किती जण बसले होते, याची नोंद कुणी ठेवली नाही.

वास्तविक या विषयात आपली भाषा चांगली सधन आहे. खाज, कंड, खरूज, नायटा, गजकर्ण, इसब, लूत... एकेक शब्द नुसता उच्चारला तरी हात नकळत मानेकडे जातो. तळहाताला खाज सुटली तर पैसा मिळणार, अशी आपली श्रद्धा आहे. (माझ्या तळहातानं या बाबतीत आजवर नुसत्या हुंड्या काढल्या, वटली एकही नाही.) आणि नसती भानगड ओढवून घेणाऱ्याला आपण सांगतो, "उगाच खाजवून खरूज काढू नकोस." सल्ला उत्तम, पण शास्त्र उलटं. खाजवल्यानं खरूज होत नाही. खरूज होते म्हणून खाजवावं लागतं. मात्र यात आपल्या पूर्वजांना हसण्यात अर्थ नाही. युरोपातल्या भल्या भल्या वैद्यराजांनाही हे सरळ करून घ्यायला शतकं लागली.

मी या विषयात शिरलो तो माझ्या नातीच्या दोन गिनीपिगांचं बोट धरून. वाढदिवसाला तिला कुणीतरी हे जोडपं आणून दिलं. एक गुबगुबीत आणि पांढरा, एक लहानसर आणि तांबूस. नावं ठेवण्याचा मान आजोबांना मिळाला, म्हणून मी 'ढब्बू' आणि 'पैसा' अशी ठेवली. ढब्बू पैसा म्हणजे काय हे तिला समजावून सांगण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि शेवटी "म्हणजे त्यात काय यायचं?" या प्रश्नापाशी संभाषण संपलं.

गिनीपिग हा प्राणी गिनीचा नव्हे आणि पिगही नव्हे. नावात दोनच शब्द आणि दोन्ही खोटे, असा प्रकार राजकीय पक्षांखेरीज फारसा आढळत नाही. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतला. अँडीज पर्वतातल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, ते मांडीवर घेण्यासाठी नव्हे, ताटात घेण्यासाठी. आपल्याकडे परसात कोंबड्या, तसे त्यांच्या स्वयंपाकघरात हे 'कुई'. पेरू देशातल्या कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं चित्र आहे. त्यात मधल्या ताटात भाजलेला कुई आहे, असं तिथले लोक कौतुकानं दाखवतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून हा युरोपात पोहोचला. १५५४ साली गेस्नर नावाच्या स्विस पंडितानं त्याचं वर्णनही छापलं. तिथे खाण्याऐवजी लोक त्याला कुरवाळू लागले. पुढे शास्त्रज्ञांची नजर त्याच्यावर पडली. पण ते मागाहून सांगतो.

तर तीनएक महिन्यांत ढब्बू खाजवू लागला. सुरुवातीला आम्हाला ती गंमत वाटली. मागचा पाय उचलून तो तंबोऱ्याच्या तारा छेडल्यासारखा मान खाजवायचा. पण मग त्याच्या पाठीवरचे केस जाऊ लागले, कातडीवर कोंडा दिसू लागला, रात्री तो किंचाळून उठू लागला. आणि एका रविवारी खाजवता खाजवता तो आडवा झाला आणि त्याचे चारही पाय फीट आल्यासारखे झाडू लागले. नात ओरडत माझ्याकडे आली. तिच्या स्वतःच्या हातावरही बारीक पुरळ आलं होतं, ते तिनं चार दिवस बाहीत लपवलं होतं.

घरात ताबडतोब परिषद भरली. आमच्या सौभाग्यवतींचं निदान 'उष्णता' असं पडलं, कारण त्यांचं प्रत्येक निदान तिथूनच सुरू होतं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "रक्तदोष. पोट साफ करा." मेहुण्यानं फिनेलच्या पाण्यात बुचकळण्याची सूचना मांडली. भांडी घासता घासता आमच्या शेवंताबाई उठल्या, हात पुसले, ढब्बूच्या पाठीवरचे केस फुंकरीनं बाजूला केले आणि म्हणाल्या, "अवं, लूत हाय ही. आमच्या शेरडास्नी व्हायची. कातड्याच्या आत किडं असत्यात." हेडमास्तरांनी त्यांच्याकडे, वर्गात न विचारता उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहावं, तसं पाहिलं. सूचना नोंदली गेली नाही.

नेमकं हेच नाटक युरोपात कितीतरी मोठ्या रंगमंचावर होऊन गेलेलं आहे. ग्रीकांच्या काळापासून तिथल्या वैद्यांचं मत असं, की शरीरात चार रस असतात. ते बिघडले की मळ कातडीतून बाहेर फुटतो, तीच खरूज. उपाय म्हणजे रक्त काढा, जुलाब द्या. थोडक्यात, आमच्या हेडमास्तरांचा पक्ष दोन हजार वर्षं सत्तेवर होता.

१६८७ साली इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात बोनोमो नावाचा एक तरुण डॉक्टर आणि चेस्तोनी नावाचा एक औषधविक्या या दोघांनी एक साधी गोष्ट केली. गोरगरीब बायका खरजेच्या पोरांचे हात मांडीवर घेऊन सुईनं काहीतरी टिपून काढतात, गलबतांवरचे कैदीही एकमेकांना हीच सेवा देतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ते 'काहीतरी' सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. कासवाच्या आकाराचा एक पांढरट जीव चालताना दिसला. त्यानं अंडं घातलेलंही दिसलं. दोघांचा आनंद गगनात मावेना. रेदी या थोर शास्त्रज्ञाला त्यांनी सविस्तर पत्र लिहिलं, की खरूज रसानं होत नाही, या जिवामुळे होते, आणि औषध करायचं तर बाहेरून करा, जुलाब कसले देता? पोपच्या वैद्यांना हे पटलं नाही. गॅलिलिओच्या खटल्याला तेव्हा अवघी ५४ वर्षं झाली होती. बोनोमोनं फार ताणून धरलं नाही. लहान जिवासाठी मोठा जीव कशाला धोक्यात घाला!

पुढचा अंक पॅरिसचा, आणि तो अस्सल फार्स आहे. १८१२ साली गालेस नावाच्या विद्यार्थ्यानं खरजेचा किडा सापडल्याचं जाहीर केलं, चित्रासकट प्रबंध लिहिला, वाहवा मिळवली. पण त्यानंतर तो किडा कुणालाच सापडेना. १८२९ साली रास्पाई या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की गालेसच्या चित्रातला प्राणी खरजेचा नसून जुन्या चीजमध्ये होतो तो आहे! म्हणजे साहेबांनी रोग्याच्या हाताऐवजी न्याहारीच्या ताटात संशोधन केलं होतं. मग पॅरिसचे डॉक्टर अधिकच अडून बसले. एकानं तर किडा दाखवणाऱ्याला ३०० फ्रँकचं बक्षीस लावलं. अखेर १३ ऑगस्ट १८३४ रोजी रेनुच्ची नावाचा कॉर्सिका बेटावरचा एक विद्यार्थी पुढे आला. त्यानं एका रोग्याचा हात धरला, सुई घेतली, आणि सगळ्यांदेखत तो किडा टोकावर काढून दाखवला. कुठे शिकलास, म्हणून विचारलं, तर म्हणे आमच्या गावाकडच्या बायका असाच काढतात!

गोम होती ती एवढीच. विद्वान मंडळी किडा शोधत होती पुळीच्या पाण्यात. किडा तिथं नसतोच. तो कातडीत केसाएवढं बीळ पोखरत जातो आणि त्या बिळाच्या पार टोकाला बसतो. पुळी एकीकडे, गुन्हेगार दुसरीकडे. हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पोराचा हात मांडीवर घेऊन बसणाऱ्या आईला ते ठाऊक होतं.

आम्हीही शेवटी ढब्बूला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मुलगी तरुण, माझ्या मुलीहून लहान. तिनं पातीनं ढब्बूच्या कातडीचा थोडा खरवडा काढला, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात पसरला आणि मला म्हणाली, "या आजोबा, बघा." मी डोळा लावला. आठ आखूड पायांचा, वाटोळा, अतिशय उद्योगी दिसणारा एक जीव तिथे हालचाल करत होता. बोनोमोला काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. शेवंताबाईंची सूचना सव्वातीनशे वर्षांच्या पुराव्यानिशी मंजूर झाली.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव सांगितलं, ट्रिक्साकारस केव्हिए. माणसाच्या खरजेच्या किड्याचाच हा चुलतभाऊ, आकारानं त्याच्याहून लहान. गिनीपिगाला याची इतकी भयंकर खाज सुटते की त्या त्रासानं फीट यावी. माणसाच्या अंगावर तो चढून बघतो, पण तिथे त्याचा संसार टिकत नाही; प्राणी बरा झाला की पुरळही जातं. हे ऐकून माझ्या नातीनं चार दिवस ओढून धरलेली बाही वर केली. त्या बाईनं जे सहज सांगितलं ते आम्ही घरात कुणी सांगितलं नव्हतं. उलट "शाळेत बोलू नकोस हो," अशीच कुजबुज झाली होती. खाजेचा अर्धा त्रास कातडीला असतो, उरलेला अब्रूला.

घरी आल्यावर मी पुस्तकं धुंडाळली, आणि थक्क झालो ते साल पाहून. या किड्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं १९७२ साली! फेन नावाच्या बेल्जियन शास्त्रज्ञानं दोन सहकाऱ्यांसह, पांढऱ्या गिनीपिगांवर तो शोधून त्याला नाव दिलं. १९७२ म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन, फिरून, दगड गोळा करून आल्यानंतर.

आता जो प्राणी नजरेआड कुठल्या जंगलात राहत होता, त्याच्या बाबतीत मी हे समजू शकतो. पण गिनीपिग? तो तर दोनशे वर्षं शास्त्रज्ञांच्या टेबलावरच बसला होता. १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी त्याला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या उबेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वासोच्छ्वास ही एक मंद आच आहे, हे त्यातून कळलं. रॉबर्ट कॉखनं १८८२ साली क्षयाचा जंतू सिद्ध केला तो गिनीपिगांना टोचून. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांना त्याच्यात स्कर्व्ही आढळली, आणि 'क' जीवनसत्त्वाचा मार्ग खुला झाला. कारण माणसाप्रमाणे यालाही ते अंगात तयार करता येत नाही.

आणि आपल्या मुंबईवर तर त्याचे खास उपकार आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो पसरतो कसा, यावर वाद. कुणी म्हणे हवेनं, कुणी म्हणे जमिनीतून, कुणी म्हणे धान्यातून. १८९८ साली कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं सांगितलं, की उंदरांवरच्या पिसवांमुळे. त्याला लोक हसले. (खाजवणाऱ्या जिवांविषयी खरं बोलणाऱ्याला हसायचं, हा नियम एव्हाना तुमच्याही ध्यानात आला असेल.) मग १९०५पासून प्लेग कमिशननं मुंबईत प्रयोग मांडले. प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडायचे, नंतर धरून आणायचे आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा वेचायच्या. उंदीर मेले की त्यांच्या पिसवा नवं बिऱ्हाड शोधत, आणि हा केसाळ, गरीब पाहुणा त्यांना आयताच सापडे. पुढे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगाला प्लेग झाला; दोन फुटांवरच्याला झाला नाही. हवा दोघांनाही तीच होती. फरक एवढाच, की उंदराच्या पिसवेला दोन फूट उडी मारता येत नाही. ज्या वादात सरकारनं लोकांची घरं धुतली, कौलं उतरवली, माणसं छावण्यांत नेली, त्याचा निकाल अखेर त्या दोन पिंजऱ्यांनी दिला.

एवढा सगळा काळ गिनीपिगाच्या अंगावर माणसाच्या हिताचं काय काय आहे ते पाहिलं गेलं. त्याच्या केसांतली ऊसुद्धा १७८१ सालीच नावानिशी दप्तरी दाखल झाली, कारण ती डोळ्यांना दिसते. पण त्याला स्वतःला काय होतंय, तो रात्री किंचाळतो कशानं, हे कातडीखाली जाऊन पाहायला दोन शतकं लागली. आपल्याकडे सगळ्या भावंडांची लग्नं लावून देणारा एखादा थोरला भाऊ असतो. त्याची कुंडली कुणी काढलेलीच नसते. त्यातला हा प्रकार.

या इतिहासातला सगळ्यात मोठा विनोद तर दुसऱ्या महायुद्धात घडला. इंग्लंडात तेव्हा खरजेची साथ आली होती. खरूज घोंगड्या-कपड्यांतून पसरते या समजुतीनं सरकार घोंगड्या भट्टीत घालून शेकत होतं. १९४१ साली शेफील्डमध्ये केनेथ मेलान्बी या शास्त्रज्ञानं लढायला नकार देणारे काही शांततावादी तरुण जमवले आणि त्यांना खरूजवाल्या सैनिकांचे न धुतलेले आतले कपडे घालायला दिले, त्यांच्या घोंगड्यांत झोपवलं. शस्त्र धरणार नाही म्हणाले, तेव्हा त्यांच्या हाती हे आलं! पण त्यांतल्या फारच थोड्यांना खरूज झाली. ती पसरते मुख्यतः अंगाला अंग लागून, असं ठरलं. पहिल्यांदा किडा लागल्यावर खाज सुटायला महिनाभर जातो, आणि भरपूर खाजवणाऱ्या रोग्याच्या अंगावरही सरासरी अकराच माद्या असतात, हेही कळलं. मेलान्बींनी पुढे यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'ह्यूमन गिनीपिग्ज'. म्हणजे खाजेच्या किड्यासाठी माणसं गिनीपिग झाली, तेव्हा गिनीपिगाच्या स्वतःच्या खाजेच्या किड्याचा जगात कुणाला पत्ताही नव्हता.

औषधाची कथा मात्र आनंदाची आहे. सातोशी ओमुरा या जपानी शास्त्रज्ञाला पिशवीत माती गोळा करत हिंडायची सवय होती. १९७०च्या दशकात गोल्फच्या मैदानाजवळ उचललेल्या अशाच एका चिमूट मातीत एक सूक्ष्मजीव निघाला. त्यापासून अमेरिकेत विल्यम कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन हे औषध तयार केलं. १९८१ साली ते आधी आलं जनावरांसाठी, नंतर माणसांसाठी; आणि २०१५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. प्रथमच असं झालं असावं, की जनावराला आधी मिळालं आणि माणूस रांगेत मागे उभा राहिला.

ढब्बूला वजन करून त्याचीच मात्रा मिळाली, आणि काही लक्षण नसताना पैशालाही. कारण एकाच पिंजऱ्यात अंगाला अंग लावून राहणाऱ्यांत एकटा आजारी नसतो. औषध किड्याला मारतं, पण अंड्यांना नाही. म्हणून काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा द्यायचं. घरातला कापूर, फिनेल, कुत्र्याची पावडर यांतलं काही लावायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. आणि कुणाच्या सांगण्यावरून पेनिसिलिन तर मुळीच नाही. ते गिनीपिगाला विषासारखं बाधतं. १९४० साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनची पहिली परीक्षा उंदरांवर झाली म्हणून निभावलं. ती गिनीपिगांवर झाली असती, तर औषध कचऱ्यात गेलं असतं आणि आपण आजही गळवांना पोटीस बांधत बसलो असतो. अंगात ताकद यावी म्हणून 'क' जीवनसत्त्वासाठी ढब्बूला रोज ढब्बू मिरचीचा तुकडा सुरू झाला. या एका योगायोगावर माझी नात आठवडाभर हसत होती. तिचं पुरळ कधी गेलं ते तिलाही कळलं नाही.

लिव्होर्नोच्या बोनोमोचं नाव ग्रंथांत आहे. पॅरिसच्या रेनुच्चीचं आहे. चीजमधला किडा दाखवणाऱ्या गालेसचंसुद्धा आहे. पण बोनोमोनं ज्यांना पाहून पाहून ही विद्या उचलली, त्या सुईवाल्या बायकांपैकी एकीचंही नाव कुणी टिपून ठेवलं नाही, आणि कॉर्सिकातल्या त्या गावकरी बायकांचंही नाही. म्हणून निदान माझ्या बखरीत तरी नोंद असावी, या हेतूनं मी शेवंताबाईंना सगळा इतिहास सांगितला. त्यांनी भांडी विसळता विसळता शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "एवढं समद्या जगानं शोधलं व्हय? मला इचारायचं की!"